नाशिकमध्ये ई-स्कूटर घेतली: दोन शोरूम, एक सबसिडी आणि तीन महिन्यांचा अनुभव

दिवाळी पाडव्याला, म्हणजे २२ ऑक्टोबर २०२५ ला, आम्ही ई-स्कूटर घरी आणली. तीन महिने होत आले, दोन हजार किलोमीटरच्या वर चालवून झाली, म्हणून आता लिहिते. दोन्ही शोरूमची नावं देत नाही, कंपनीचंही देत नाही, कारण मला गाडीपेक्षा सबसिडीबद्दल जास्त बोलायचंय. ती कोणाला किती मिळते, कुठून मिळते आणि काउंटरवर काय सांगतात यात इतका गोंधळ आहे की मला नीट समजायला पंधरा दिवस गेले, आणि तेही सासरे सोबत होते म्हणून. त्यांनी सातपूरच्या कंपनीत तीस वर्षं परचेस बघितलंय, बिल हातात आलं की चष्मा लावून एकेक ओळ वाचतात, मधे कोणी बोललेलं चालत नाही.

माझी जुनी पेट्रोल स्कूटर २०११ ची. इंदिरानगर ते सातपूर ऑफिस, मधे मुलीला शाळेत सोडायचं, रोजचं जाऊन येऊन चोवीस किलोमीटर. पेट्रोल एकशेचारच्या आसपास आणि गाडी लिटरला पंचेचाळीसवर आलेली, शिवाय दर दोन महिन्यांनी गॅरेज. नणंदेकडे २०२१ च्या डिसेंबरात घेतलेली ई-स्कूटर आहे, ती सारखी सांगायची की वहिनी घेऊन टाक, मला पंचवीस हजार सुटले होते. तेच डोक्यात धरून मी शोरूममध्ये गेले आणि पहिली चूक तिथेच झाली.

नणंदेचं खरं होतं, पण ते तेव्हाचं. २०२१ च्या जुलैत राज्य सरकारने जे ईव्ही धोरण आणलं त्यात दुचाकीला बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरला (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) पाच हजार, जास्तीत जास्त दहा हजार होते, आणि सुरुवातीला घेणाऱ्यांना त्यावर वेगळे पंधरा हजारांपर्यंत. दोन्ही मिळून पंचवीस हजारांपर्यंत राज्याचेच. केंद्राच्या फेम-२ या सबसिडी योजनेचे वेगळे, आणि ते त्या वर्षी किलोवॅट-अवरला पंधरा हजार होते, किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत! म्हणजे तिची गाडी तिला मिळाली त्या भावात आज कोणालाच मिळणार नाही. फेम-२ ची रक्कम जून २०२३ मध्ये कमी झाली आणि मार्च २०२४ ला ती योजनाच संपली. राज्याचं ते धोरण मार्च २०२५ पर्यंत होतं. मग केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह ही सबसिडी योजना आली, तिच्यात पहिल्या वर्षी दुचाकीला दहा हजारांपर्यंत मिळायचे, एप्रिल २०२५ पासून ते निम्मे झाले, किलोवॅट-अवरला अडीच हजार आणि गाडीमागे जास्तीत जास्त पाच हजार. माझी बॅटरी तीन किलोवॅट-अवरची, हिशोबाने साडेसात हजार होतात पण मिळाले पाचच.

राज्याचं नवीन धोरण २०२५ च्या मे मध्ये आलं, २०३० च्या मार्चपर्यंत चालणार आहे, पाच वर्षांना मिळून १,९९३ कोटींचं. दुचाकीला किमतीच्या दहा टक्के, जास्तीत जास्त दहा हजार असं त्यात लिहिलंय. पेपरमध्ये ते सगळ्यांनी वाचलेलं होतं, मीही वाचलेलं होतं, आणि पहिल्या शोरूमवाल्याला माहीत होतं की आम्ही वाचून आलोय.

पहिल्या शोरूममध्ये एसी, पाणी, चहा, सगळं छान. सेल्सवाला मुलगा बोलायला एकदम गोड. त्याने कागदावर हिशोब मांडला: एक्स-शोरूम १,१२,००० केंद्राचे पाच हजार वजा करून, इन्शुरन्स ७,९००, अॅक्सेसरीज किट ३,८०० (ती घ्यावीच लागते म्हणे), हँडलिंग २,५००, रजिस्ट्रेशनचे सातशे. बेरीज १,२६,९००. मग पेन ठेवलं आणि म्हणाला, मॅडम यातले राज्याचे दहा हजार तुमच्या खात्यात नंतर जमा होतात, म्हणजे गाडी तुम्हाला एक सोळा नऊशेलाच पडली समजा. मी खूश. सासऱ्यांनी तो कागद जवळ ओढला आणि विचारलं, "हे दहा हजार बिलात कुठल्या ओळीत येणार?" तो म्हणाला बिलात नाही येत काका, सरकारकडून डायरेक्ट येतं. "मग हे तुमच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी लिहून द्या की इतक्या महिन्यात जमा होतील." तो आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर म्हणाले सगळ्या कस्टमरना असंच सांगतो, आजपर्यंत कोणी लिहून नाही मागितलं. बाबा, म्हणजे सासरे, उठलेच. जिने उतरताना मला म्हणाले, "अगं, जे लिहून देत नाहीत ते द्यायचं नसतं किंवा त्यांच्या हातात नसतं, दोन्हीत आपण कशाला अडकायचं."

मला तेव्हा राग आला होता, खरं सांगते. पाडवा आठ दिवसांवर, बुकिंग संपेल अशी भीती घातलेली, आणि हे कागदावर अडून बसले. पण नंतर मी सगळं वाचत बसले तेव्हा कळलं की मुद्दा केवढा मोठा आहे. केंद्राची सबसिडी आपल्या खात्यात येतच नाही. कंपनी ती गाडीच्या किमतीतून आधी कापते आणि मग सरकारकडे तेवढे पैसे मागते. २०२१ च्या राज्याच्या धोरणातही तसंच होतं, नणंदेच्या बिलात ती रक्कम वजा झालेली दिसते, मी तिच्याकडून बिल मागवून बघितलं. म्हणजे सबसिडी मिळाली की नाही हे बघायची जागा एकच, ती म्हणजे टॅक्स इनव्हॉइस. आज जे वजा होऊन छापलंय ते तुमचं, बाकी सगळं बोलणं. धोरणात दहा हजार आहेत हे बरोबर आणि ते या गाडीवर, या दुकानात, आज कापले जातायत का हा वेगळाच प्रश्न, आणि सेल्सवाले हे दोन्ही एकत्र करून सांगतात, तिथे माणूस फसतो.

दुसरं शोरूम त्याच कंपनीचं, छोटं, बसायला चार खुर्च्या, पंख्याखाली. तिथल्या काउंटरवरच्या ताईंनी आम्ही न विचारता सांगितलं, "राज्याच्या सबसिडीबद्दल मी काहीच प्रॉमिस करणार नाही. आज बिलात जे वजा होतंय तेवढंच धरा, केंद्राचे पाच हजार. पुढे राज्याचं काही आलं तर कंपनीचा मेसेज येईल, पण तुम्ही त्या भरवशावर गाडी घेऊ नका." बाबांनी चष्मा काढून खिशात ठेवला, मी तिथेच समजले की गाडी इथूनच घ्यायची. एक्स-शोरूम तेच १,१२,०००, इन्शुरन्स ६,२००, रजिस्ट्रेशन आणि स्मार्टकार्डचे सातशे, एकूण १,१८,९००. अॅक्सेसरीज हव्या तर घ्या, हँडलिंग नाही. तोंडी हिशोबात पहिलं शोरूम दोन हजारांनी स्वस्त होतं, कागदावर दुसरं आठ हजारांनी.

इन्शुरन्समध्ये १,७०० चा फरक कसा, तर पहिल्याने त्यात दोन-तीन अॅड-ऑन न विचारता घातले होते. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा घ्यावाच लागतो आणि इलेक्ट्रिकला त्या थर्ड पार्टीच्या हप्त्यात १५ टक्के सूट असते, ती लागलीये का हे कोटेशनमध्ये बघून घ्या. चार्जरचे पैसेही विचारा, किमतीत आहेत की वेगळे. २०२३ मध्ये काही मोठ्या कंपन्यांना ग्राहकांकडून वेगळे घेतलेले चार्जरचे पैसे परत द्यायला लागले होते, कारण किंमत सबसिडीच्या मर्यादेत दाखवण्यासाठी चार्जर वेगळा लावायचा प्रकार सरकारच्या लक्षात आला.

आता सगळ्यात मोठी सवलत, जिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही: रोड टॅक्स. आपल्याकडे पेट्रोल दुचाकीला एकरकमी टॅक्स लागतो, ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्याच्या वर २९९ पर्यंत ११. मी जी १२५ सीसीची पेट्रोल स्कूटर बघत होते तिच्यावर दहा हजारांच्या वर टॅक्स बसत होता. इलेक्ट्रिकला शून्य. हे दहा हजार कोणाकडे मागावे लागत नाहीत, कुठलं पोर्टल नाही, वाट बघणं नाही, पासिंगच्या वेळी आपोआप सुटतात. माझ्या मते सरकारने केलेलं सगळ्यात चांगलं काम हेच, रोख सबसिडीपेक्षा चांगलं, कारण यात मधे कोणी येत नाही. जीएसटी ५ टक्के आहे तोही २०१९ पासून तसाच टिकलाय. फक्त सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ वर आला आणि त्या गाड्या दिवाळीत एकदम स्वस्त झाल्या, त्यामुळे नवरा म्हणत होता की आता कशाला इलेक्ट्रिक. त्याच्याशी दोन रात्री हिशोब मांडून भांडले.

पीएम ई-ड्राइव्हची प्रक्रिया मात्र मला नीट वाटली. बुकिंगनंतर फोनवर आधारचं फेस व्हेरिफिकेशन, मग मोबाईलवर ई-व्हाउचरची लिंक आली, त्यावर मी सही केली, डीलरने सही करून अपलोड केलं, आणि सही केलेली प्रत मेसेजवर आली. एका आधारवर एकच गाडी. गाडी आधी बाबांच्या नावावर घ्यायचं ठरलं होतं पण चालवणार मी, आणि उद्या त्यांना स्वतःसाठी एखादी घ्यायची असली तर त्यांचं आधार मोकळं राहावं म्हणून माझ्या नावावर केली. त्या ताईंनी व्हाउचरची प्रत प्रिंट काढून फाईलमध्ये लावून दिली. बाकी ज्या स्वस्त गाड्या मिळतात, ताशी २५ च्या आतल्या, लायसन्स नको, पासिंग नको, त्या वेगळ्या. त्यांना नंबरच नाही तर ही सबसिडी कुठून, आणि द्वारका सर्कलला ट्रकच्या मधे तशी गाडी घेऊन मुलीला बसवायची माझी तयारी नाही.

कौतुक केलं म्हणून त्या शोरूमचं सगळं छान होतं असं नाही. पाडव्याला अकराची वेळ दिली होती, गाडी हातात आली दोन वाजता, मुलगी उपाशी, पूजेचा नारळ हातात धरून आम्ही फुटपाथवर. आरसी यायला पाच आठवडे लागले. हिरवी नंबरप्लेट, त्यावर पांढऱ्या अक्षरात एमएच १५, ती बसवायला वेगळं बोलावलं. आणि जुन्या गाडीचे एक्सचेंजमध्ये नऊ हजार देत होते, मी नाही म्हटलं, आमच्या मेकॅनिकने चौदा मिळवून दिले.

सर्व्हिस सेंटर अंबडच्या बाजूला आहे. पहिल्या सर्व्हिसला टोकन सिस्टीम नव्हती, जो आधी सुपरवायझरला गाठेल त्याची गाडी आधी, मी ऑफिसला हाफ डे टाकून बसले. पुढच्या ब्रेकचा आवाज पहिल्या वेळी गेला नाही, दुसऱ्या वेळी पॅड घासून गेला. मुलं चांगली आहेत, लॅपटॉप लावून बॅटरीची तब्येत दाखवतात, पण माणसं कमी आणि गाड्या फार. गाड्या विकायचा वेग आणि दुरुस्त करणाऱ्या हातांची संख्या याचा मेळ नाही. सरकारच्या धोरणात खरेदीवर इतका जोर आहे, तसा या प्रशिक्षणावर द्यायला हवा, आपल्याकडे आयटीआय आहे, सातपूर-अंबडला इतके कारखाने आहेत, मुलं तयार व्हायला वेळ लागणार नाही.

रेंज. कंपनी सांगते त्याच्या तीन चतुर्थांश धरा. ऑक्टोबरात मला ८८ ते ९२ मिळत होती, डिसेंबरच्या थंडीत सकाळी ८० वर आली, हे तुम्ही नाशिकमध्ये गाडी घेताना लक्षात ठेवा, आपल्याकडची पहाट कशी असते माहितीये सगळ्यांना. एका रविवारी नवरा आणि मी त्र्यंबकला गेलो, इंदिरानगरपासून ३२ किलोमीटर. निघताना शंभर टक्के, पोचलो तेव्हा ५८, चढ आहे आणि सिंहस्थाच्या कामांमुळे रस्ता जागोजागी खोदलेला, सारखा ब्रेक सारखा पिकअप. परत आलो तेव्हा २४ टक्के उरली होती. अंजनेरीच्या पुढे मी डिस्प्लेकडे सारखी बघत होते, नवऱ्याने शेवटी मला मागे बसवलं.

चार्जिंग घरीच. सोसायटीत आधी नाही म्हणाले, आग लागेल म्हणून. त्यांच्या भीतीला मी हसणार नाही, कारण ९ एप्रिल २०२२ ला पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधल्या चाळीसपैकी वीस ई-स्कूटर पेटल्या होत्या, आमच्या घरापासून किती लांब आहे ते. तो व्हिडिओ आमच्या सेक्रेटरींच्या फोनमध्ये अजून आहे. मी त्यांना एवढंच दाखवलं की त्या वर्षीच्या आगींनंतर बॅटरीचे नियम कडक केले, एआयएस १५६ म्हणतात, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यात लागू झाले, आणि माझी गाडी त्या नंतरची आहे, हे सर्टिफिकेट. आणि केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घरच्या आहे त्या वीज कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते. मग परवानगी मिळाली, अट अशी की वायर माझ्या मीटरवरून, स्वतंत्र एमसीबी (गडबड झाली की वीज तोडणारा स्विच) आणि अर्थिंग. इलेक्ट्रिशियनने साडेचार हजारात करून दिलं, सोळा अँपिअरचा सॉकेट, पत्र्याची पेटी, कुलूप. आता सोसायटीतल्या अजून दोघांनी तसंच करून घेतलंय.

फुल चार्जला साधारण साडेतीन युनिट जातात, माझ्या स्लॅबमध्ये सगळे आकार धरून युनिट तेरा रुपयांना पडतं, म्हणजे पंचेचाळीस रुपयात ८५ किलोमीटर, किलोमीटरला त्रेपन्न पैसे. जुन्या गाडीला दोन रुपये तीस पैसे लागायचे. महिन्याला अकराशे रुपये वाचतात आणि ते मी मुलीच्या आरडीत टाकते, नाहीतर कुठे गेले कळत नाही.

बाहेर चार्जिंगची गरज मला पडली नाही पण दिराकडे इलेक्ट्रिक कार आहे, त्याला पडते. २०२१ च्या धोरणात नाशिकसाठी १०० चार्जिंग स्टेशनचं लक्ष्य होतं, नव्यात हायवेवर दर २५ किलोमीटरला एक असं म्हटलंय. दीर म्हणतो संख्येपेक्षा चालू किती ते मोजा, मॅपवर दिसतं आणि जाऊन बघावं तर मशीन बंद किंवा पुढे पेट्रोल गाडी लावलेली. टोलची सवलत मात्र त्याला आवडते: समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवे इलेक्ट्रिक कारला मोफत. पण नाशिककरांनी एक समजून घ्या. घोटीचा टोल राष्ट्रीय महामार्गाचा, पुण्याकडे जाताना शिंदे-पळशाचाही तोच, राज्याच्या सवलतीत ते बसत नाहीत. त्यामुळे दीर आता मुंबईला जाताना इगतपुरीला समृद्धी पकडतो. मधे २०२५ च्या बजेटमध्ये तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना सहा टक्के टॅक्स लावायचं निघालं होतं, मुख्यमंत्र्यांनी त्याच महिन्यात विधान परिषदेत मागे घेतलं, पण असं मागेपुढे झालं की घेणारा थांबून बसतो. मला सरकारकडून हेच हवंय: रक्कम कमी द्या, पाच हजार द्या, पण पाच वर्षं तीच ठेवा आणि कोणाला मिळते कोणाला नाही हे शोरूमच्या भिंतीवर मराठीत लावायला सांगा.

गाडीला पाचपैकी चार. दुसऱ्या शोरूमच्या विक्रीला पाच, सर्व्हिसला तीन. पहिल्याला काही देत नाही.

त्या दहा हजारांचा मेसेज अजून आलेला नाही. बाबांनी फाईलमध्ये इनव्हॉइस, व्हाउचर, इन्शुरन्स, आरसीची झेरॉक्स अशा क्रमाने लावलंय आणि शेवटी एक कोरी प्लास्टिकची पिशवी ठेवलीये, राज्याचं काही आलं तर त्यात घालायला. दुसरी सर्व्हिस मार्चमध्ये आहे, यावेळी साडेनऊला शटर उघडायच्या आधी जाऊन उभी राहणार आहे.